संध्याकाळ आमची आम्हाला परत द्या

संयुक्त अरब अमिरातीतल्या भारतीय शाळांच्या सर्व माननीय मुख्याध्यापकांस,



हे पत्र मराठीत लिहिते आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना मराठी वाचता येत नाही याची मला कल्पना आहे. इंग्रजीत लिहून पाहिलं. इंग्रजी पत्र शाळेच्या पोर्टलवर टाकलं की त्याला तक्रार क्रमांक मिळतो, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर येतं, आणि काही दिवसांनी विषय बंद केल्याचा निरोप येतो. मराठी पत्र निदान कुणाला तरी वाचून दाखवावं लागेल. तुमच्या स्टाफरूममध्ये पुण्याच्या, नागपूरच्या, सांगलीच्या बाई आहेत. त्यांतली कुणीतरी मधल्या सुट्टीत अर्थ सांगेल. सांगताना ती बहुधा मान डोलावेल. तिचीही मुलं आहेत, आणि रात्री नऊ वाजता पालकांचे मेसेज तिलाही येतात.

निमित्त झालं एका परिपत्रकाचं. आमच्या मुलांच्या शाळेने पालकांसाठी एक कार्यशाळा ठेवली: डिजिटल युगात निरोगी, समंजस मुलं कशी वाढवावीत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पालकांच्या गप्पांत ऐकते त्यावरून कमी-अधिक सगळीकडे हेच आहे. कार्यशाळा ऑनलाइन होती, कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला. तज्ज्ञ बाई छान बोलल्या. जेवताना फोन दूर ठेवा, झोपण्याआधी तासभर स्क्रीन नको, मुलांसमोर आधी तुम्ही वागून दाखवा. सगळं पटलं. त्यांचं बोलणं चालू असतानाच माझ्या फोनवर शाळेच्या ॲपची सूचना आली: सातवीच्या विज्ञान प्रकल्पाचं सादरीकरण आज रात्रीपर्यंत अपलोड करावं. पलीकडच्या खोलीत मुलगी टॅब्लेट उघडून बसली, अलीकडे मी लॅपटॉपवर स्क्रीन कमी करण्याचे उपाय ऐकत बसले.

मला त्या बाईंशी भांडायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल. तुम्ही दर वेळी आमच्या घरातल्या शिस्तीवर बोलता. मला तुमच्या वेळापत्रकावर बोलायचं आहे.

आमच्यासारख्या घरातला शाळेचा दिवस कसा जातो हे हजेरीपटावर दिसत नाही, म्हणून सांगते. शारजाच्या अल नहदात राहायचं आणि दुबईत नोकरी करायची, हा इथल्या असंख्य भारतीय कुटुंबांचा हिशोब आहे. भाडं शारजात परवडतं, पगार दुबईत मिळतो, आणि उरलेलं आयुष्य मधल्या ट्रॅफिकमध्ये जातं. मुलांची बस पहाटे सहाच्या सुमारास इमारतीखाली येते आणि दुपारी चारच्या आसपास त्यांना परत आणून सोडते. आम्ही घरी पोचतो सातला. मधले तीन तास धाकटा शेजारच्या मल्याळी चेचीकडे, म्हणजे ताईकडे, बसतो, कारण पूर्णवेळ बाई ठेवायची तर तिचा व्हिसा काढायला कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न 25,000 दिरहम दाखवावं लागतं. आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर येतात आणि मुदत संपली की बॅगा भरतात.

तुम्ही म्हणाल, मुलांना खाली खेळायला पाठवा. कधी? मे ते सप्टेंबर दुपारी पाय बाहेर ठेवता येत नाही. इथलं सरकार 15 जून ते 15 सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई करतं. बांधकामावरच्या धट्टाकट्ट्या माणसाला जे झेपत नाही ते दुसरीतल्या पोराला कसं झेपावं? ऊन उतरल्यावर खाली जावं तर पार्किंगच्या भिंतीवर चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी, आणि ती पाटी तोंडपाठ असलेला वॉचमन. शारजातल्या मुलांचा शुक्रवार तर आणखी वेगळा. जानेवारी 2022 पासून शारजात शाळा चार दिवसांची झाली आणि शुक्रवार सुट्टीचा. पण आईबापांचं ऑफिस दुबईत, तिथे शुक्रवारी काम असतंच. तीन दिवसांची सुट्टी ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात त्यातला एक दिवस मूल, बंद फ्लॅट आणि वायफाय यांचा असतो.

तर सातला आम्ही घरात येतो. नऊला धाकट्याने झोपलं पाहिजे, नाहीतर पहाटे सहाची बस चुकते. या दोन तासांत स्वयंपाक, जेवण, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी आणि आमचं एकमेकांशी काय बोलायचं ते सगळं. यातच साताऱ्याचा फोन. इथले साडेसात म्हणजे तिथले रात्रीचे नऊ, आणि सासूबाई नऊला आडव्या होतात. म्हणजे नातवंडांशी बोलायला त्यांना मिळतो सात ते साडेसात एवढाच वेळ. व्हॉट्सॲपचा कॉल इथे चालत नाही, म्हणून दिरांनी त्यांच्या फोनवर बोटिम घालून दिलंय. त्या फोन लावतात, चेहरा फार जवळ आणतात, आम्हाला कपाळ आणि कुंकू तेवढं दिसतं. आमच्या घरात आजी स्क्रीनमधूनच येते. त्यामुळे स्क्रीनविरहित बालपण वगैरे शब्द माझ्यासमोर कुणी काढले की मला ते वाड्यात राहणाऱ्यांचे वाटतात.

मराठीचंही तेच. शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी, अरबी सक्तीची, पुढे फ्रेंच हवी तर फ्रेंच. चेचीकडे धाकटा इंग्रजी बोलतो आणि चार शब्द मल्याळम शिकून येतो, याचं मला कौतुक आहे. मराठी त्याच्या कानावर पडते ती संध्याकाळी सात ते नऊ, ओट्यापाशी आणि बोटिमवर. महाराष्ट्र मंडळाचे वर्ग आणि कार्यक्रम आठवड्याच्या शेवटी असतात, त्यांचा आधार मोठा आहे. पण भाषा रोजच्या वरणभातासोबत येते, रविवारी एकदम वाढून भागत नाही. तुमच्या ॲपवरची सूचना आमच्या घरात पडते ती नेमकी याच दोन तासांत. ‘उद्या सकाळी निळा चार्टपेपर आणावा’ हे रात्री आठ दहाला कळतं. आठ वीसला गणिताची ऑनलाइन चाचणी उघडते. आठ चाळीसला वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सत्तर मेसेज, ‘कुणाला लिंक उघडतेय का?’ आणि मूल टॅब्लेटवर बसलेलंच असतं, कारण तसं बसायला त्याला शाळेने सांगितलं आहे. गृहपाठाच्या खिडकीच्या शेजारी युट्यूबची खिडकी असते. कोणती कोणत्या वेळी उघडी आहे हे बघायला मी त्याच्या खांद्यावरून वाकून उभी राहायची, की पोळ्या करायच्या?

आता तुमच्या बाजूचं. मार्च 2020 मध्ये इथल्या शाळा बंद झाल्या आणि दोन आठवड्यांत तुम्ही वर्ग घरात आणलात. पन्नाशीच्या शिक्षिका रात्र-रात्र बसून टीम्स आणि गूगल क्लासरूम शिकल्या. मी ते पाहिलंय, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण साथ गेली आणि त्या वेळची सोय तुमच्याकडे नियम होऊन राहिली. त्यानंतर उपकरण स्वतःचं आणण्याचं धोरण आलं, चौथीपासून प्रत्येकाला टॅब्लेट, मग लॅपटॉप. ज्याची दोन मुलं त्याची दोन यंत्रं. वह्यांची यादी आखूड झाली एवढाच काय तो फायदा.

यामागचं कारणही मला ठाऊक आहे, आणि ते तुम्ही पालकसभेत कधी सांगत नाही. शाळा तपासणीची जी राष्ट्रीय चौकट आहे, तीत अध्ययन-कौशल्यांखाली शिकण्यातल्या तंत्रज्ञानाचा वापर तपासला जातो. दुबईत फी किती वाढवता येईल हे वर्षानुवर्षं तपासणीतल्या श्रेणीशी जोडलेलं राहिलंय. सीबीएसई शाळेची फी ब्रिटिश शाळेच्या मानाने तुटपुंजी, शिक्षकांचे पगार बेताचे, त्यामुळे श्रेणी चढण्याची निकड तुम्हाला जास्त. म्हणून तपासनीस आले की वर्गात टॅब्लेट दिसले पाहिजेत. समजू शकते. पण त्या चौकटीत विद्यार्थ्यांचं संरक्षण, काळजी आणि मार्गदर्शन हा स्वतंत्र निकष आहे, त्याच तोलाचा. आणि तंत्रज्ञानाचा वापर रात्री सव्वाआठला झाला पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

सरकारने आपल्याकडून बरंच केलंय. मुलांच्या हक्कांचा संघीय कायदा 2016 पासून आहे. ज्या आठ वर्षांच्या वदीमाचा स्वतःच्या घरात छळ होऊन मृत्यू झाला, तिच्या नावाने तो ओळखला जातो. सप्टेंबर 2025 मध्ये रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळातला चॅट इथे बंद करवला गेला. मुलांच्या डिजिटल सुरक्षिततेचा नवा कायदा 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, सापडला तर महिनाभर जप्त. 2026 हे वर्षच ‘कुटुंब वर्ष’ म्हणून जाहीर झालंय. या सगळ्या कुंपणात एक फट राहिली आहे: संध्याकाळनंतर येणारा शाळेचा निरोप. तिथे कुठलाच कायदा येणार नाही आणि यायची गरजही नाही. तुमची एक सही पुरे.

गैरसमज नको. इथल्या सरकारी शाळांत 2025-26 पासून बालवाडीपासून बारावीपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय सुरू झाला. आपल्या शाळांतही आज ना उद्या तो येईल, यावाच. माझी मुलगी कोड लिहिते आणि तो चालला की नाचते. ते शाळेत, शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या नजरेखाली होऊ द्या. मी फक्त संध्याकाळ मागते आहे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. ऊसशेतीचं, साखर कारखान्यावर जाणाऱ्यांचं गाव. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या तेव्हा तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलांचं वाचनात, लिहिण्यात मन लागत नाही, हात सारखा फोनकडे जातो. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे मांडला, बायकांची सभा झाली, आणि 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून गावात रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. मुलं अभ्यासाला बसतात, वाचतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली, हे ओघाने आलंच. मग शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या आणि घडी बसली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं, तुमच्याही वाचनात आलं असेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी घालणारा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू चांगला. मला वडगाव जास्त पटतं. बान्सीने मुलांना सांगितलं, तुम्ही वापरू नका. वडगावने सगळ्यांना सांगितलं, सात ते साडेआठ कुणीच वापरायचा नाही. बापाच्या हातात फोन असताना मुलाच्या हातातला काढून घेणं म्हणजे रोजची रडारड. सगळ्या गल्लीचेच फोन निजलेले असले तर रडायला कारण उरत नाही. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर पोरगं शेजारी जाऊन बघतं. आणि वडगावने वेळ निवडली तीही बघा. जेवणाआधीची, घरी सगळे असण्याची.

आमच्याकडे भोंगा कोण वाजवणार? इमारतीतली माणसं दर वर्षी बदलतात. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि शेजारचं दार एका आठवड्यात अनोळखी होतं. चावडी नाही, पार नाही. मंडळ गणपतीत भेटतं, दिवाळीत भेटतं. रोजच्या रोज, एका वेळी, हजार-दोन हजार घरांना एकच गोष्ट सांगू शकेल अशी इथे एकच संस्था आहे, ती म्हणजे तुमची शाळा. आमचं गाव तुम्ही आहात. म्हणून कार्यशाळेत ‘प्रत्येक पालकाने आपल्या घरात नियम करावा’ असं सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. मी माझ्या घरात नियम केला तर माझी मुलगी वर्गाच्या गटातून बाहेर पडते, तिला चाचणी उघडल्याचं कळत नाही, तिचे गुण जातात. एकटीने पाळायचा नियम मुलीला शिक्षा वाटतो.

म्हणून पहिली आणि मोठी मागणी. संध्याकाळी सहानंतर शाळेकडून काहीही येऊ नये. सूचना नको, लिंक नको, चार्टपेपर नको. सहाच्या आत जे आलं नाही ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आणायला सांगावं. ‘आज रात्री बारापर्यंत अपलोड’ हा प्रकार बंद व्हावा. मुदत द्यायची तर दुपारच्या शाळेच्या वेळेतली द्यावी. याला पैसे लागत नाहीत. ॲपमध्ये वेळ लावून ठेवायची सोय असते, नसेल तर शिक्षिकेला सहानंतर लॉगिन करू देऊ नका. तिचे दुवे मिळतील. आपत्ती वेगळी. एप्रिल 2024 च्या पावसात शारजाच्या रस्त्यांवर पाणी तुंबलं तेव्हा रात्री आलेला निरोप आम्हाला हवाच होता.

दुसरं गृहपाठाचं. तुम्ही सीबीएसईच्या शाळा चालवता. भारत सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलं आहे. तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. माझा धाकटा दुसरीत आहे आणि त्याला रोज एका ॲपवर वाचनाचे ‘तारे’ मिळवायचे असतात. तारे मिळवणं हा गृहपाठ नाही असं तुमच्या बाई मला म्हणाल्या. मग त्या ताऱ्यांची यादी वर्गाच्या भिंतीवर का लावता? पाचवीपर्यंत घरी करायचं सगळं काम कागदावर असावं, आणि पुढच्या इयत्तांत जे यंत्रावर करायचं ते वर्गातच पुरं करून घ्यावं. साथीच्या ऐन काळात, जुलै 2020 मध्ये, भारताच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ऑनलाइन वर्गांची मिनिटं ठरवून दिली होती: पूर्वप्राथमिकला अर्धा तास, पहिली ते आठवीला अर्ध्या-पाऊण तासाची दोनच सत्रं. तेव्हा दुसरा मार्ग नसताना मिनिटं मोजता आली. आज वह्या-पुस्तकं हाताशी असताना मोजायला अडचण काय? स्वीडनसारख्या देशाने 2023 मध्ये छापील पुस्तकांकडे परत वळायला सरकारी पैसा घातला. आपल्या शाळेने मागे वळणं म्हणजे मागासपणा, ही भीती काढून टाका.

तिसरं ॲपांचं. गृहपाठाला एक, बसला एक, फीला एक, वाचनाला एक, गणिताला एक, आणि या सगळ्यांत काय आलं ते विचारायला व्हॉट्सॲप. एकच ठेवा. कोणतं, त्याची मला पर्वा नाही.

चौथं जास्त अवघड आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते. मुलीच्या इयत्तेत गेल्या वर्षी मुलींचा एक चॅट गट होता. एका मुलीला त्यातून काढलं, मग तिच्या फोटोवर काहीबाही चिकटवून तो फिरवला. ती मुलगी शाळेत येईना. तिची आई शाळेत गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं की हा प्रकार शाळेच्या वेळेबाहेरचा, शाळेच्या उपकरणावर न घडलेला, सबब शाळेच्या अखत्यारीबाहेरचा आहे. वाटल्यास पोलिसांकडे जा. आता इथला कायदा पाहा. दुसऱ्याचा फोटो परवानगीशिवाय काढणं, फिरवणं हा 2021 च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. मोठ्या माणसाला किमान सहा महिने कैद, किंवा 1,50,000 ते 5,00,000 दिरहम दंड, किंवा दोन्ही. बारा वर्षांच्या मुलींना ही कलमं तशीच लागत नाहीत, हे मला कळतं. पण परक्या देशात, व्हिसावर राहणारी आई ‘पोलिस’ हा शब्द ऐकते तेव्हा तिला आपल्या मुलीबरोबर समोरच्याही मुलीचं घर दिसतं. ती तक्रार करत नाही. तिने केली नाही. कायदा जितका कडक, तितकी मधली पायरी लागते, आणि ती पायरी शाळेचीच असू शकते. गट वर्गातल्या मैत्रीचा, भांडण वर्गातलं, दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसायचं तेही वर्गातच. फक्त ते घडलं रात्री नऊला म्हणून शाळेचं नाही? गृह मंत्रालयाच्या बालसंरक्षण केंद्राचा 116111 हा क्रमांक तुमच्या वेबसाइटवर असतो. तो असावाच. पण त्याआधी समुपदेशक बाईंचं दार असावं, जिथे गेल्यावर आधी स्क्रीनशॉट मागितले जात नाहीत, आणि जिथे दोन्ही मुलींच्या आया एकमेकींसमोर बसवल्या जातात.

फोटोंवरून आठवलं. प्रवेशाच्या अर्जात मुलांचे फोटो वापरायला परवानगी असल्याची खूण आधीच करून ठेवलेली असते. केजीतल्या मुलांचे पोहण्याच्या तासाचे फोटो शाळेच्या इन्स्टाग्रामवर असण्याचं काहीही शैक्षणिक कारण मला सुचत नाही. नकाराची चौकट द्या.

आणि पाचवं, जे ऐकून कदाचित तुमचे संचालक हसतील. शाळेची वातानुकूलित हॉल असलेली, मैदान असलेली इमारत दुपारी चारनंतर एकतर रिकामी असते किंवा क्रिकेट-फुटबॉलच्या खासगी अकादम्यांना भाड्याने दिलेली असते. महिन्याला काहीशे दिरहम भरणाऱ्याचं मूल तिथे खेळतं, बाकीची घरी टॅब्लेटवर क्रिकेट खेळतात. आठवड्यातून एखादी संध्याकाळ, आणि शारजात शुक्रवारची सकाळ, हॉल आणि ग्रंथालय मुलांसाठी उघडं ठेवा. देखरेखीला पालक पाळीपाळीने येतील. यादी मी करते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. मुलांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं आणि शाळा त्याभोवती बेतली. आमच्या मुलांना कुरण नाही, बंद खोली आहे. तुम्हाला कुठे जायचीही गरज नाही, फाटक तेवढं उघडायचं.

आमच्या बाजूने काय, हेही लिहिते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तुम्ही सहाचा नियम केलात तर वर्गाच्या पालकगटांवर सहानंतर बोलायचं नाही हे आम्ही आमच्यात ठरवू. रात्री साडेनऊला शिक्षिकेला ‘मॅम, उद्याचा युनिफॉर्म कोणता?’ विचारणं बंद करू. जो विचारेल त्याला दुसरे पालकच गप्प करतील, त्यासाठी आमच्यात पुरेसे खमके काका आहेत. ऑफिसचे फोन आम्हाला बंद ठेवता येतीलच असं मी म्हणत नाही. इथे साहेब कधीही फोन करतो आणि नोकरीवर व्हिसा अवलंबून असतो. पण ते फोन जेवणाच्या टेबलावर येऊ न देणं जमण्यासारखं आहे.

एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं. त्याआधी तुम्ही नियमांची पुस्तिका पाठवता आणि शेवटच्या पानावर आमची सही मागता: गणवेश, हजेरी, फीची तारीख, उपकरणाची देखभाल. या वेळी त्यात एक पान तुमच्या सहीचं असावं. त्यावर चार-पाच ओळी पुरेत. सहानंतर निरोप नाही. पाचवीपर्यंत घरचं काम कागदावर. एकच ॲप. वर्गातल्या मुलांचं भांडण कुठेही झालं तरी ऐकून घेतलं जाईल. आणि हॉल कोणत्या वारी उघडा, ते. त्या पानावर तुमची सही झाली की त्याखाली आमची करून दुसऱ्या दिवशी मुलांच्या दप्तरातून परत पाठवतो.



आपली नम्र,
सातवीतल्या मुलीची आणि दुसरीतल्या मुलाची आई
अल नहदा, शारजा